आमच्या काळी म्हणजे नेमकं कधी?

पूर्वी पहाटे साडेचारला कोंबडा आरवायचा, आता मोबाईल आरवतो. गुलाबाचं फूल, जोडलेले हात आणि त्याखाली तो मजकूर: आम्ही ती शेवटची पिढी, जिने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, मास्तरांचा मार खाल्ला आणि घरी सांगितला नाही, लाल एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, पाच पैशांच्या गोळ्या आठ भावंडांत वाटून खाल्ल्या. हरमलहून निघालेला हा मजकूर कोरगाव, धारगळ, म्हापसा करीत उजाडायच्या आत साखळीला पोचतो आणि चहाच्या वेळेला, पाठवणाऱ्याच्याच सख्ख्या मेव्हण्याकडून, ‘जरूर वाचा, डोळ्यांत पाणी येईल’ असा शेरा घेऊन हरमलला परत येतो. पाठवणारा तो पुन्हा वाचतो आणि पुन्हा गहिवरतो. मजकूर मुळात लिहिला असणार पुण्या-ठाण्याकडच्या कुणीतरी. कारण त्यातली लाल एसटी आमच्या लहानपणी पेडण्यात रुमाल टाकण्याइतकी दिसतच नव्हती. गोव्याची स्वतःची कदंब बस १९८० साली आली; तोवर खासगी गाड्या होत्या आणि त्यांत रुमाल टाकून भागत नसे, माणूसच टाकावा लागे. त्या मजकुरातलं दूरदर्शन १९७२ साली मुंबईत सुरू झालं, तेव्हा डिचोलीत रेडिओसुद्धा आभाळ बघून लागायचा. तरीही मजकूर पुढे जातो, कारण आठवण स्वतःचीच असली पाहिजे असा आमच्या पिढीचा हट्ट नाही. चांगली दिसली की घ्यायची.

या पिढीला इंग्रजीत ‘बेबी बूमर’ म्हणतात. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत पाळण्यांना उसंत मिळाली नाही, असा तो हिशेब. पेडणे-डिचोलीत युद्धावरून कोण परतणार? परतायचे ते मुंबईच्या गिरण्यांतून आणि खानावळींतून, तेही चवथीला. भाद्रपदात नऊ महिने मिळवले की ज्येष्ठ येतो. सीमेपलीकडच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली म्हणून लोक आजही हसतात. चवथीचा हिशेब लावला तर मास्तर फारसे चुकले नव्हते. ते काही असो, पाळणे आमच्याकडेही हलत होते. गोव्याची लोकसंख्या १९६० च्या गणतीत सुमारे ५ लाख ९० हजार होती, ती १९७१ साली ७ लाख ९५ हजारांपर्यंत गेली. त्यात बाहेरून आलेले होते, तसेच आम्हीही होतो. ही भरघोस पिढी आता साठी-सत्तरी ओलांडून सोप्यावर बसली आहे आणि बसल्या जागेवरून जगाला ‘आमच्या काळी’ ऐकवते आहे. माझं म्हणणं असं की, जगातल्या कुठल्याही बूमरने हे शब्द खुशाल वापरावेत, पण पेडणे आणि डिचोलीतल्या बूमरला त्यांचा हक्क सगळ्यांत कमी पोचतो. सदाशिव पेठेतल्या गृहस्थांचा काळ एकच आणि तो अजून चालू आहे. आमचे काळ निदान पाच. जन्मलो पोर्तुगालच्या सालाझारच्या राज्यात, बाराखडी गिरवली केंद्रशासित प्रदेशात, नोकरी केली खाणींच्या धुळीत, १९८७ साली घटक राज्य झालं तेव्हा कडेवर पोर होतं, आणि निवृत्त झालो ते विमानांच्या आवाजात. ‘आमच्या काळी’ म्हटल्यावर यांतला कुठला काळ धरायचा? जो त्या घटकेला सोयीचा, तो.

सोप्यावरच्या माणसाचं दिवसभराचं बोलणं नीट ऐकलं तर हे कळतं. सकाळी नुस्त्याचा भाव निघाला की त्याचा काळ १९५८ च्या सुमारास असतो. दुपारी नातवाचं प्रगतिपुस्तक आलं की तो भाऊसाहेब बांदोडकरांच्या राज्यात येतो. संध्याकाळी महामार्गावरची वाहतूक बघून तो १९८० पर्यंत सरकतो, आणि रात्री गुडघ्याला तेल चोळताना फार तर २००५. चोवीस तासांत माणूस अर्धं शतक हिंडून येतो आणि वर म्हणतो, हल्ली कुठे जायला होत नाही. एखाद्या नातवाने उलटतपासणी घेतलीच तर ती अशी होते:

“आमच्या काळी शिस्त होती.”

“कुणाच्या काळी, आजोबा?”

“पुर्तुगेजांच्या तेंपार.”

“आणि शाळेत कधी गेलात?”

“शाळा भाऊंनी काढल्या.”

“मग पोर्तुगिजांच्या वेळी शिस्त शिकलात कुठे?”

“घरात. तुझा पणजोबा होता ना!”

म्हणजे जी शिस्त सालाझारच्या खात्यावर जमा होती ती पणजोबांची निघाली. सालाझारची जी खरी शिस्त होती तीत सभेला परवानगी लागे, छापायला परवानगी लागे, लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. (आजच्या लग्नपत्रिका आणि त्यांतल्या चारोळ्या पाहिल्या की तो एक अधिकारी तेवढा परत बोलवावा असं वाटतं, हे खरं.)

आता वयाचा हिशेब. बूमर पिढीतला मधला माणूस घेऊ, जन्म १९५५. गोवा मुक्त झाला तेव्हा तो सहा वर्षांचा. भारतीय सैन्य येतंय म्हटल्यावर १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पोर्तुगिजांनी डिचोलीचा पूल सुरुंग लावून उडवला. हा पूल उडताना डोळ्यांनी पाहिलेली माणसं आज डिचोलीत जेवढी भेटतात तेवढी त्या पहाटे पुलाजवळ उभी असती तर सुरुंग लावायला जागाच मिळाली नसती. डिसेंबरची थंडी, पहाटेची वेळ, आणि सहा वर्षांचं पोर घरच्यांनी पुलावर सोडलेलं, असं हे चित्र आहे. दुसरा दाखला जनमत कौलाचा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावर मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. पेडणे-डिचोलीचा ओढा फुलाकडे होता आणि त्या ३४,०२१ मतांचं शल्य इथल्या चहाच्या दुकानांत अजून गरम आहे. “मी फुलावर शिक्का मारला होता,” असं सांगणारे सत्तरीचे गृहस्थ प्रत्येक बाकावर एक तरी सापडतात. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. बूमर पिढी सुरूच होते १९४६ पासून. अगदी त्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेला कुणी निघाला तर त्याची गोष्ट वेगळी, पण बाकीच्यांनी शिक्का मारला असेल तर तो खोट्या वयावर मारलेला होता आणि एवढं करूनही आपण हरलो, हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, लहानपणी ऐकलेलंही आपलंच होतं. घरात दहा वर्षं तोच विषय चालला की पोराला तो पाहिल्यासारखा वाटतो. मान्य. पण मग वय वाढल्यावर हा रोग बरा व्हायला हवा होता. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. तेव्हा आमची पिढी तिशीत, चांगली शहाणी, कुणी सरकारी नोकरीत, कुणी बार्जवर. आणि तरीही “पूल पडायच्या पाच मिनिटं आधी मी त्यावरून गेलो” असं सांगणाऱ्या पेडणेकरांची आणि डिचोलकरांची संख्या इतकी मोठी आहे, की ते सगळे त्या पाच मिनिटांत पुलावर असतील तर पुलाच्या बांधकामाची चौकशी करण्याचं काहीच कारण नव्हतं. तेव्हा हा दोष बालपणाचा नाही. घडलेल्या गोष्टीच्या जवळ आपली खुर्ची ओढून बसण्याची ही सवय आहे, आणि ती आम्हाला कायमची जडली, कारण आमच्याभोवती गोष्टी फार घडल्या आणि आम्ही त्या वेळी बहुतेक झोपलेले होतो.

स्वस्ताईचा मुद्दा इतका सोपा नाही. सोप्यावरचा माणूस म्हणतो की, तेव्हा एवढ्याशा पैशात घर चालत असे. कुठले पैसे, हे तो सांगत नाही. १९५८ पर्यंत गोव्यात रुपिया आणि टांगा चालत. मग एस्कुद आले, एका रुपियाला सहा. मग मुक्ती झाली आणि भारतीय रुपया आला. १९५० साली जन्मलेल्या मुलाने बारा वर्षांचा होईपर्यंत तीन चलनांत चणे घेतले आणि तिन्हींत दुकानदाराकडून मार खाल्ला. त्याच्या डोक्यात या तिन्हींची जी मोड झाली, तिच्यात आजच्या पैशांची किंमत शून्य दिसली तर नवल नाही. बाजारही तेव्हाचा विचित्र होता. भारताने १९५५ पासून नाकेबंदी केली तेव्हा बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून येत असे. खेड्यातल्या गरिबाच्या पेजेत त्यातलं किती उतरलं ते विचारू नये, पण आठवणीत मात्र प्रत्येकाच्या घरी हॉलंडचा बटाटा शिजतो. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मासे खरोखर स्वस्त होते. तारले इतके येत की माडांच्या बुंध्यांत खत म्हणून घालत. आजचा तारल्याचा भाव ऐकल्यावर पूर्वी माड आपल्यापेक्षा बरं जेवत होता असं म्हणायला कुणाची हरकत नसावी. या एका बाबतीत ‘आमच्या काळी’ला पूर्ण गुण.

कष्टांच्या बाबतीत मात्र गुण कापावे लागतील. पाच मैल चालत शाळेला जायचो, हे या पिढीचं राष्ट्रगीत आहे. बांदोडकर २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव, वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. देवळाच्या पडवीत, कुणाच्या मांगरात, मिळेल तिथे. शाळा वाड्यावर आलेली असताना ही मंडळी पाच मैल कुठे जात होती? एकतर शाळा चुकवून नदीवर, नाहीतर हे अंतर निवृत्तीनंतर वाढलं. पुढे हायस्कूलला पेडणे, डिचोली, म्हापसा गाठावं लागे हे खरं, वाटेत नदी असेल तर तरीसाठी थांबावं लागे हेही खरं. पण थांबण्याला कष्टांत धरायचं तर या पिढीने आयुष्यात दुसरं काय केलं, असा प्रश्न येईल. होडीची वाट पाहिली, गाडीची वाट पाहिली, मनीऑर्डरीची वाट पाहिली, विजेची पाहिली, आणि आज नातवाला जेवण यायला अर्धा तास लागला की त्याला सांगतात, “तुम्हाला धीर नाही.” धीर आमच्यातही नव्हता. पर्याय नव्हता.

तीच गत दशावताराची. आमच्या काळी रात्रभर दशावतार बघायचो, आताच्या पोरांना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही पुरता बघवत नाही, ही तक्रार पेडणे तालुक्यात जत्रेच्या हंगामात दर रात्री ऐकू येते. तक्रार करणाऱ्याला विचारावं की, नाटकात काय होतं? तो संकासुराचं सगळं सांगतो: काळे कपडे, तोंडातून बाहेर लोंबणारी लाल जीभ, पोरांच्या अंगावर धावून जाणं. मग तो थेट पहाटेच्या दहीकाल्यावर येतो. संकासुर येतो सुरुवातीला आणि दहीकाला होतो शेवटी. मधल्या पाच-सहा तासांत कुठल्या राजाने कुठल्या राक्षसाला मारलं याबद्दल या पिढीत कमालीची गुप्तता आहे. आईच्या मांडीवर, गोणपाटावर, मांडवाच्या खांबाला टेकून आम्ही सगळे गाढ झोपलेले असायचो आणि मृदंगाने जाग आली की कूस बदलायचो. सुरुवात आणि शेवट पाहून मधलं सोडून देणं याला आज मोबाईलवर पुढे ढकलणं म्हणतात.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला चिरफाड करता? माणूस म्हातारा झाला की त्याला काळ नको असतो, गुडघे परत हवे असतात, आणि हे सगळं गुडघ्यांचं दुखणं आहे. मला हे पटत नाही. गुडघे शाबूत असतानाही आम्ही हेच करत होतो. डिचोलीचंच घ्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खनिजाचे ट्रक साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवरून धावत, माल बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून जपानला जाई. रस्त्यावर वाळत घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत लाल होई. तेव्हा आमची पिढी त्या धुळीला शिव्या देत खाणीवर कामाला जायची आणि म्हणायची, आमच्या लहानपणी हवा किती शुद्ध होती. वय वर्षे पंचवीस! पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. धूळ बसली, हवा शुद्ध झाली. आणि त्याच शुद्ध हवेत बाकावर बसून आम्ही म्हणू लागलो, “काय ते दिवस! ट्रकांची रांग संपायची नाही. घरात धूळ होती, पण घरात काहीतरी होतं.” धूळ असताना हवेची आठवण आणि हवा आल्यावर धुळीची. पेडण्यात मोपाच्या सड्यावर हेच झालं. तो सडा तापलेला, कातळाचा, गुरं चारायला नेली तर गुरंही तोंड फिरवायची. त्या वेळी तिथल्या कुणीही सड्याचं कौतुक केलेलं ऐकिवात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे मनोहर पर्रीकरांच्या नावाने विमानतळ झाला आणि सड्याला एकाएकी सौंदर्य आलं. पर्रीकर १९५५ चे, म्हणजे आमच्याच पिढीचे. पिढीतल्या एकाच्या नावाने विमानतळ उभा राहिला आणि उरलेले त्याच्या कुंपणापाशी उभं राहून, इथे आमची म्हैस चरायची, असं टॅक्सीवाल्यांना सांगताहेत. टॅक्सीवाल्याला त्याची म्हैस वेगळी आठवत असते.

या सगळ्या सैल कारभाराला एकच जागा खपवून घेत नाही, ती म्हणजे सरकारी कचेरी. तिथे ‘आमच्या काळी’ चालत नाही, तारीख लागते. आणि इथेच आमच्या पिढीचं नशीब उघडलं आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाची नोंद लिस्बनमध्ये करता येते आणि त्या धाग्याने त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मागता येतो. तशी नोंद करावी की करू नये हा वाद वेगळा आणि तो घराघरांत चालू आहे. पण त्यामुळे जो म्हातारा पस्तीस वर्षं ‘पुर्तुगेजांच्या तेंपार’ सांगत होता आणि ज्याचं कुणी ऐकत नव्हतं, त्याच्यापाशी नातू आपण होऊन येऊन बसू लागला. “आजोबा, नक्की कधी जन्मलात? आठवून सांगा.” १९६० सालच्या थोरल्या भावाला घरात एकाएकी मान चढला. फेब्रुवारी १९६२ च्या धाकट्याला मात्र आधी बापाचा कागद शोधावा लागतो, आणि दोन महिने कळ काढली नाहीस म्हणून कैलासवासी आईला बोल लावता येत नाही, कारण उलट तिने दोन महिने जास्त कळ काढली.

कागद सापडतो तेव्हा खरी मौज सुरू होते. पोर्तुगीज नोंदीत परब हा ‘पोरोब’ आहे, शंकराची सुरुवात एक्सने होते, आणि विठ्ठलाचा ‘विटोल’ झालेला आहे. शाळेच्या दाखल्यावर तो विठ्ठल, मतदार यादीत विठल, आधार कार्डावर आणखी काही. जन्मतारखा दोन, आईची नावं तीन. मग वकिलाकडे जाऊन ‘वन अँड सेम’चं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाने शपथेवर सांगायचं की, मी आणि मी एकच आहोत. ते झालं की दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या महिन्याच्या २,००० रुपयांसाठी दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे हा जो एकच मी आहे, तो अजून आहे. पाच काळ पाहिलेल्या माणसाला हे दोन्ही सिद्ध करताना घाम फुटावा यात आश्चर्य नाही. वारखंडसारख्या एखाद्या गावचा असा गृहस्थ खिडकीपुढे उभा राहिला की संवाद साधारण असा होतो:

“नाव?”

“कुठल्या कागदावरचं सांगू?”

“जन्म?”

“छप्पन.”

“जन्मस्थळ? पोर्तुगाल लिहू की इंडिया?”

“माजघर लिहा.”